नोंद कुठाय

आमच्या घरात लॅमिनेट व्हायचे राहिलेले दोघंच, मी आणि हे. बाकी गॅस कसा बंद करावा, वॉशिंग मशीनमध्ये कपडे किती कोंबावेत, बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाऊल कसं टाकावं, हे सगळं गुळगुळीत प्लास्टिकमध्ये बंद होऊन भिंतींवर लटकतं. हे एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. तिथे आठशे माणसं यांच्या पाट्या वाचतात, निदान वाचल्याची सही तरी करतात. घरी मी एकटी असल्यामुळे आठशे जणांचं वाचन माझ्या एकटीच्या डोक्यावर येतं.

यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "नोंद कुठाय?" बोट चेंगरलेला माणूस बोट धरून समोर उभा असला, तरी रजिस्टरमध्ये नोंद नसेल तर यांच्या लेखी ते बोट चेंगरलेलं नसतं.

मागची खोली माझी होती. तिथे माझं शिलाई मशीन होतं, कापायचं टेबल होतं आणि सकाळचा उजेड येणारी खिडकी होती. बारा वर्षं मी तिथे बसून लोकांचे कपडे त्यांच्या मापात आणून देत होते. मग यांना लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड लागलं आणि सायकलला खोली हवी झाली.

"तू आठवड्यातून किती तास बसतेस तिथे?" यांनी विचारलं.

"किती म्हणजे? रोज बसते."

"नोंद कुठाय?"

नोंद नव्हती. आठवड्याभरात मशीन हॉलमध्ये टीव्हीशेजारी आलं, टेबल घडी होऊन पलंगाखाली गेलं, आणि मी जेवणाच्या टेबलावर कापड पसरायला लागले. पहिल्याच महिन्यात एका बाईंच्या पांढऱ्या कोटावर तेलाचा डाग पडला. दहा वर्षांचं गिऱ्हाईक, पुन्हा फिरकलं नाही. मी त्या दिवशी रडले. याचीही नोंद नाही.

मागच्या वर्षी हे पहिल्यांदा त्या दोनशे किलोमीटरच्या राइडला उतरले. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, फक्त वेळेत पूर्ण करायचं. नव्वदाव्या किलोमीटरला पाऊस आला आणि यांचा फोन आला. मी गाडी घेऊन गेले तर हे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले, आणि वर मलाच सांगतात, "मी सोडलं नाही. मी जोखमीचं मूल्यमापन केलं."

यंदा पुन्हा नाव घातलं, तेव्हा मी अडून बसले. म्हटलं, यंदाही अर्धवट राहिलं तर सायकल विकायची आणि खोली माझी. हे तयार झाले. इतके पटकन तयार झाले, की मी म्हटलं, लेखी द्या. लेखी म्हटल्यावर यांच्या अंगात संचारलं. संगणकावर मजकूर टाइप केला, 'यंदा राइड पूर्ण न झाल्यास मागची खोली पत्नीस परत', खाली सहीसाठी रेघ मारली, छापलं, लॅमिनेट केलं आणि मग ऐटीत पेन काढून सही करायला गेले. पेन घसरलं. दुसरं पेन घसरलं. शाईचं पेन आणलं, त्याची सही मिनिटभर दिसली आणि बोट लागताच पुसली गेली.

"राहू दे," हे म्हणाले, "शब्द दिलाय ना?"

तो बिनसहीचा कागद मी फ्रिजवर चिकटवून ठेवला.

मग तयारी सुरू झाली. यंदा हवामान खातं दोन आठवडे आधीपासूनच घाबरवत होतं. पाऊस, समोरून वारा, काही ठिकाणी झाडं पडण्याची शक्यता. कुणीही म्हणेल, मग पावसात सराव करावा. बाहेर रोज पाऊस पडतच होता, फुकट. पण हे बाहेर गेले नाहीत. "सर्दी झाली तर सराव बुडेल," म्हणे. त्याऐवजी सायकल मागच्या खोलीत स्टँडवर चढवली, समोर दोन टेबलफॅन लावले आणि मला कुंड्यांना पाणी मारायचा फवारा घेऊन उभं केलं.

"पाऊस वाढव," हे पेडल मारत ओरडायचे.

मी वाढवायचे.

"मागून नको मारूस! वारा समोरून आहे."

मी समोर जायचे. खिडकीबाहेर खरा पाऊस धो धो कोसळत असायचा आणि आत माझ्याच खोलीत, माझ्याच फरशीवर, मी नवऱ्यावर पाऊस पाडत असायचे. रोज पाऊण तास. त्यानंतर फरशी पुसायची, कारण ओल्या फरशीची पाटी समोरच होती.

खरेदी तर विचारू नका. बुटांवर घालायचे रबरी मोजे, त्या मोज्यांवर घालायचं आणखी काहीतरी, हेल्मेटची टोपी, टोपीचं आवरण. यांचे एक मित्र आहेत, दातांचे डॉक्टर, तेही याच राइडला जाणार होते. त्यांनी एक रेनकोट घेतला आणि रोज सकाळी भिजत तीस किलोमीटर करून यायचे. हे त्यांची कीव करायचे. "पद्धत नाही त्याच्याकडे," म्हणायचे.

आदल्या दिवशी दुपारी आयोजकांनी सायकली तपासल्या आणि प्रत्येकाला एक कार्ड दिलं. शेवटचा थांबा धरून चार ठिकाणी त्या कार्डावर शिक्का, वेळ आणि सही घ्यायची. शेवटी ते कार्ड जमा करायचं. आयोजकांनी बजावून सांगितलं होतं की कार्ड हाच एकमेव पुरावा. आणि भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

"पिशवी!" हे घरी येऊन म्हणाले. "पिशवीला तोंड असतं. तोंड आलं की पाणी आलंच." हात चेनच्या तेलाने बरबटलेले होते, म्हणून त्यांनी कोपरानेच कार्ड माझ्याकडे सरकवलं. "अगं, एवढं लॅमिनेटच्या मशीनमधून काढ."

मी कार्ड हातात घेतलं. जाड कागद, वर यांचं नाव, खाली चार रिकामे चौकोन. फ्रिज माझ्या समोरच होता.

"अहो, पण यावर..."

"तुला यातलं काय कळतं? दिलंय तेवढं कर."

आता खरं तेच सांगते. मला माहीत होतं. पुढचा शब्द तोंडात तयार होता आणि मी तो गिळला. मशीन गरम केलं, कार्ड आत सोडलं, आणि बाहेर आल्यावर यांच्याच शिकवणुकीप्रमाणे कडा दोनदा दाबल्या. पाण्याचा थेंब आत शिरला असता तर माझं नाव बदलायचं. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

सकाळी पाच वाजता राइड सुटली. तेव्हाच पाऊस असा होता की समोरचा माणूस दिसेना. मी घरी आले आणि फोन जवळ घेऊन बसले. मनाशी हिशेब केला होता, साठ किलोमीटर. फार तर ऐंशी. मग फोन येईल आणि कार्डाचा प्रश्नच उरणार नाही. नऊ वाजले, अकरा वाजले, दुपारचा एक वाजला. वारा इतका की समोरच्या इमारतीवरचा पत्रा उडाला. फोन नाही. दोन वाजता मीच लावला, तर लागेना. मग आठवलं, फोन भिजू नये म्हणून यांनी तो तीन पिशव्यांत घालून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. खोली गेली खड्ड्यात, माणूस धड घरी येऊ दे, असं मी मोठ्याने म्हणाले. हॉलमध्ये ऐकायला शिलाई मशीनच तेवढं होतं.

पाच वाजता मी राइड संपते त्या शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. एका शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं आणि मागे आयोजकांपैकी एक निवृत्त गृहस्थ बसले होते, ज्यांना सगळे शिक्केवाले काका म्हणत होते. साठातले बावीसच अजून वाटेवर आहेत, बाकीच्यांनी सोडलं, असं त्यांनी सांगितलं. दातांचे डॉक्टर सव्वापाचला आले, पिशवीतून लगदा झालेलं कार्ड काढलं आणि शिक्का मारून घेतला. वाटेत हे दिसले का, मी विचारलं. "मागे आहे. चाललाय," ते म्हणाले आणि माझी नजर चुकवून चहा घ्यायला गेले.

सहा वाजून एकवीस मिनिटांनी हे आले. मी आधी ओळखलंच नाही. ते सगळे मोजे आणि आवरणं कधीच फाटून गेली होती. चिखलातून फक्त डोळे दिसत होते. सायकलवरून उतरले आणि हेल्मेटचं बक्कल काढायला गेले तर बोटं मिटेनात, इतकी गारठली होती. मी काढलं. माझ्या हाताला त्यांची हनुवटी थरथरताना लागली.

मग त्यांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. काय चकचकीत होतं! एक डाग नाही. चारही चौकोन कोरे. कडेला मात्र प्लास्टिक फाडायला गेलेल्या दातांचे व्रण होते.

काकांनी कार्ड उलटून पाहिलं. "शिक्के?"

"मारले होते," हे म्हणाले. "वाटेत तिन्ही ठिकाणी मारले. पुसले गेले. वाटलं, पुढच्या ठिकाणी वेगळी शाई असेल."

काकांनी आपला शिक्का उचलून मारला. तो जांभळा ओघळ आमच्या सगळ्यांच्या देखत कार्डावरून टेबलावर उतरला. व्हरांड्यात कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले.

"तुम्ही आलात हे मी पाहतोय हो," काका म्हणाले, "पण नोंद नाही. मी तुमचं नाव पूर्ण झालेल्यांत घालू शकत नाही."

हे आठशे माणसांना जे ऐकवतात ते त्यांना कोणीतरी पहिल्यांदाच ऐकवत होतं. मला या क्षणाची दोन वर्षं हौस होती. हौस फिटली, पण गोडी लागली नाही.

गाडीत हे गारठलेली बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "तुला तरी पटतंय ना, मी पूर्ण केलं?"

हो म्हटलं की खोली गेली. मी वायपर बघत गाडी चालवत राहिले.

"नोंद कुठाय?" मी म्हटलं.

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मी कार्डाविषयी सांगायला हवं होतं, तेव्हाही आणि आताही. घर येईपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये आले तर शिलाई मशीन जागेवर नव्हतं. मागच्या खोलीत खिडकीखाली होतं, टेबलही उघडून मांडलेलं. सायकल जिन्यात उभी होती. हे लंगडत आले आणि माझ्यापुढे एक कागद धरला. हाताने लिहिलेला, 'मागची खोली हिची.' खाली ठसठशीत सही.

"सही आधी केलीये," हे म्हणाले. "आता मशीनमधून काढ."

मी लॅमिनेटचं मशीन तापत ठेवलं आणि त्यांना पहिल्यांदाच खरं सांगितलं. म्हटलं, कार्डावर शाई बसणार नाही हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं. हे रागावले नाहीत. "तू सांगत होतीस," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी रागावायला हवं होतं असं मला वाटलं.

मी पेन घेतलं आणि त्यांच्या सहीखाली लिहिलं, 'हे दोनशे किलोमीटर पावसात पूर्ण करून सहा एकवीसला आले. मी पाहिलं.' सही केली आणि कागद मशीनमध्ये सरकवला. यांनी वाकून तो आत जाताना वाचला. चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे पूर्ण झालं, असं तूच लिहून देतेस!" हे म्हणाले. "मग ती अट लागूच होत नाही की! खोलीचं वाक्य खोडायला हवं."

कागद पलीकडून गरम गरम बाहेर आला. मी कडा दोनदा दाबल्या, कागद त्यांच्या हातात दिला आणि वर पेनही दिलं.

"खोडा," मी म्हटलं.