गळ्यातलं दावं

शीलानं फळ्यावरची तिसरी चौकट तळहातानं पुसून टाकली. डस्टर शोधण्याइतकाही धीर तिला राहिला नव्हता.

"ही चौकट मी लिहिणार नाही, सर."

राजकुमार खुर्चीत रेलून बसला होता. क्रांती चौकातल्या त्याच्या कंपनीनं जनावरांच्या बाजारासाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. शेळ्या-बोकडांचे सौदे आता मोबाइलवर होणार होते. त्यात पैशांच्या देवाणघेवाणीची सोय जोडायची होती आणि तिचा आराखडा शीलाकडे होता. पहिल्या चौकटीत घेणारा पैसे भरणार, दुसरीत ते पेमेंट कंपनीकडे जाणार, तिसरीत दोन दिवस तिथंच पडून राहणार. जनावर आजारी निघालं तर घेणाऱ्याला ते परत मिळावेत म्हणून.

शीलाचं म्हणणं साधं होतं. जनावर तर त्याच घडीला जातं, मग दोन दिवस विकणाऱ्याच्या हातात काय उरतं? निदान घेणाऱ्याचं समाधान झालं की पैसे लगेच सोडता येतील असं एक बटण तरी ठेवू, असंही ती म्हणाली. राजकुमारला तेही नको होतं. बटण दिलं की बाजारात दमदाटी करून दाबून घेतील, म्हणाला. वर हसत हसत म्हणाला, की गावाकडचे लोक आजारी जनावर गळ्यात मारण्यात पटाईत असतात, तुला तर ठाऊकच असेल.

सिल्लोडच्या बाजारात बापाच्या मागं शेळ्या हाकत ती लहानाची मोठी झाली होती. तिच्या कॉलेजची फी त्याच शेळ्यांनी भरली होती. चोर म्हणायला याला दुसरं कुणी सापडलं नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तिनं नाही लिहिला तर आराखडा तिच्या शेजारी बसणारा शिवम लिहील, हे राजकुमारनं आधीच सुनावलं होतं. तिनं चौकट पुन्हा काढली. मार्कर इतका दाबला की त्याचं टोक आत गेलं.

सोय तयार झाल्यावर पहिला खरा सौदा करून बघायचं ठरलं. राजकुमारच्या डोक्यात कल्पना आली, की बोकड शीलाच्या वडिलांकडूनच घ्यावा आणि संध्याकाळी ऑफिसची पार्टी उरकावी. फोटोही झकास येतील. शीलाच्या मनात नव्हतं, पण लेकीचं काम म्हणून मल्हारराव टेम्पोत काळा बोकड घालून आले. इमारतीच्या मागच्या अंगणात राजकुमारनं मोबाइलवरून पैसे भरले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. बोकड न्यायला लतीफभाई खाटीक आले होते. त्यांनी बोकडाच्या गळ्यातल्या दाव्याकडे पाहिलं आणि पुढं केलेला हात मागं घेतला.

"काका, दावं काढा की," राजकुमार मल्हाररावांना म्हणाला.

"पैसं आलं का?"

"माझ्याकडून गेले. दोन दिवसांत येतील तुमच्याकडे."

"मग दोन दिवसांनी काढतो. बोकड ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, माझं काय म्हननं नाय. पैसं आलं की दावं न्यायला येतो."

बाजारात ही रीत पोराटोरांनाही ठाऊक होती. पैसे बाकी असलेलं जनावर विकणाऱ्याच्या दाव्यासकट जातं. ते दावं गळ्यात आहे तोवर घेणाऱ्यानं चारापाणी करायचं, पण विकायचं नाही आणि कापायचं तर नाहीच. शीलानं हे लहानपणापासून पाहिलं होतं. फळ्यापुढं भांडताना मात्र तिला ते आठवलं नव्हतं, आणि आता तिला स्वतःचाच राग आला.

राजकुमारनं लतीफभाईंना सांगितलं, तुम्हीच सोडा ती दोरी.

"नै साब. रस्सी मालिक की है. ऐसे जानवर को मैं हात नै लगाता."

मग राजकुमारनं खिशातून नोटा काढल्या. मल्हाररावांनी दोन्ही हात मागं घेतले.

"तिकडं निघालेत ना माझं पैसं? एका बोकडाचं दोनदा घेतलं तर चोर कोन ठरंल, साहेब?"

शीलानं राजकुमारकडे पाहिलं. त्यानं तिला जिन्यापाशी बोलावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की आतून काहीतरी कर, पैसे सोड.

"तसं बटण नाही, सर."

"मग बसव. आत्ता."

"बाजारात दमदाटी करून दाबून घेतील," शीला म्हणाली.

संध्याकाळी पार्टीत शेवभाजी झाली. पाहुणे जेवताना खाली पार्किंगमध्ये बोकड ओरडत होता. जाताना मल्हारराव राजकुमारला बजावून गेले होते, की त्याला सुबाभळीचा पाला लागतो, शिळं पाणी तो पीत नाही.

दुसऱ्या दिवशी राजकुमार शीलाच्या टेबलाशी आला. त्याच्या बाहीला पाल्याचा कचरा चिकटला होता. जरा घुटमळून म्हणाला, की त्या तिसऱ्या चौकटीचं बघू, विकणाऱ्याकडेही काहीतरी राहायला हवं.

शीलाला आनंद व्हायला हवा होता. झाला संतापच. अख्ख्या बाजाराचे पैसे अडकले असते तरी याचं काही बिघडलं नसतं. याची एक पंगत मोडली तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. ती फळ्यापाशी गेली. तिसऱ्या चौकटीत तिनं लिहिलं, पैसे पोचेपर्यंत जनावर विकणाऱ्याच्याच नावावर, घेणाऱ्याला पुढं विकता येणार नाही. राजकुमार वाचत उभा राहिला.

"हे चालेल," तो म्हणाला.

खालून बोकडानं हाळी दिली.

"सर," शीलानं मार्करला टोपण लावलं, "पाणी बदलायचं राहिलंय तुमचं."