चारशे बारा कुलपं

म्हणायचं होतं, मीठ दे. तोंडून निघालं, "लाल छत्री, तेरा पायऱ्या."

आक्काचा हात डावेवरच थांबला. बोलणारा तिचा धाकटा भाऊ समोरच बसला होता. सगळी गल्ली त्याला तिजोरी म्हणायची. त्याचा घास तोंडातच राहिला.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "हा इस्त्रीवालीचा पासवर्ड होता."

"मी काही ऐकलं नाही," म्हणत आक्कानं मीठ पुढे सरकवलं. पण चाळीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेल्या बाईला माणसाचं डोकं कसं झिरपायला लागतं, ते ठाऊक होतं.

तिजोरीचं कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, दुकानामागेच दोघांचं घर. गल्लीतल्या प्रत्येकाचं पहिलं ईमेल त्यानंच उघडून दिलेलं, आणि पासवर्डही त्यानंच घडवलेला. जन्मतारीख, लेकरांची नावं त्याला खपत नसत. "हे कुलूप नव्हे, दाराला पडदा लावलात," म्हणून तो गिऱ्हाइकाला झापायचा. मग पंखा जोरात सोडून, गिऱ्हाइकाच्या तोंडाशी कान नेऊन म्हणायचा, आजवर कुणालाच सांगितलं नाही असं काहीतरी सांगा. त्या गुपितातून तो चार शब्द उचलायचा. कागदावर काही टिपायचं नाही, विसरलात तर माझ्याकडे या, हा त्याचा नियम. खोटं वाटेल, पण अशी चारशे बारा कुलपं त्या एका डोक्यात बिनगोंधळ राहत होती. स्वतःचा चष्मा मात्र तो कपाळावर ठेवून फ्रिजमध्ये शोधायचा. तो शिंकला की समोरचा औषधवाला घाईघाईनं आपलं खातं उघडून बघायचा, काही सांडलं तर नाही ना.

आता खरंच सांडायला लागलं होतं.

दुपारी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून तिजोरी पुटपुटू लागला. आणि एके दिवशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला करड्या कोटातला एक माणूस येऊन बसला. दुसऱ्या आठवड्यात तो बाकाच्या मध्यावर आला. तिसऱ्यात तिजोरीच्या खांद्याला खांदा. संत्रं सोलून एकेक फोड तिजोरीच्या हातावर ठेवायचा, काका काका करायचा, आणि दोघांच्या मध्ये त्याचा फोन उताणा पडलेला असायचा. आक्का वाकून बघायला गेली, तर फोनवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता.

त्याच आठवड्यात शिंप्याच्या खात्यातले वीस वर्षांचे फोटो नाहीसे झाले. मग शाळेतल्या बाईंना एक पत्र आलं. त्यांनीच कधीकाळी लिहिलेलं आणि कुणालाच न पाठवलेलं. खाली एक ओळ वाढवली होती: अजून बरंच आहे आमच्याकडे.

आक्का पोलीस चौकीत जाऊन आली. तिथल्या साहेबांनी विचारलं, म्हाताऱ्याला संत्री खाऊ घालणं कुठल्या कलमात बसतं? तिनं भावाला घरात कोंडून पाहिलं, तर तो खिडकीत उभा राहून दुप्पट आवाजात सुरू झाला. शेवटी ती त्या कोटवाल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उठा इथून."

"रस्ता सगळ्यांचाच आहे, आक्का," तो गोड हसून म्हणाला.

तिला आक्का म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं, या विचारानं ती दिवसभर गार पडून होती.

संध्याकाळी तिजोरीचं डोकं जरा ठिकाणावर होतं. तेव्हा तोच म्हणाला, "चपला घाल. सगळ्यांची कुलपं बदलून घेऊ. मी फुटलोय, हे मीच सांगतो."

अकरा दिवस दोघं दारोदार फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर तो तेच सांगायचा: नवा शब्द मला सांगू नका, दुसऱ्या कुणालाही सांगू नका, आणि शब्दाच्या जोडीला फोनवर येणारा आकडाही लावून घ्या. शिंपी त्याच्याशी बोलला नाही. इस्त्रीवालीनं पाणी दिलं, पण पासवर्ड टाकताना पाठ फिरवली. औषधवाल्यानंही फिरवली. ज्याच्या कानात सगळ्यांनी तोंड घातलं होतं, त्याला अकरा दिवस नुसत्या पाठी दिसत होत्या. तो मान हलवत म्हणायचा, "अस्सं. असंच करायचं."

चारशे अकरा झाली. आक्काची स्वतःची पाळी आली, की ती म्हणायची, माझं काय, उद्या बघू. भावाला पाठ दाखवायला तिचं मन होईना.

बाराव्या दिवशी कोटवाला आला. तिजोरीनं संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि कधी नव्हे ती कुलपं एकामागून एक, खणखणीत आवाजात म्हणायला सुरुवात केली. कोटवाल्याचे डोळे चमकले. एकही आता कुठलं दार उघडणार नव्हतं. ऊन बाकाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलं, तेव्हा तिजोरी थांबला.

"चारशे अकरा झाली, काका," कोटवाला हळूच म्हणाला. चारशे बाराचा आकडा सगळ्या गल्लीला ठाऊक होता, आणि त्यानं मोजली होती. "घरातलं एक राहिलं ना?"

दारात उभ्या असलेल्या आक्कानं चौकट धरली. त्या एका कुलपामागे तिनं इस्पितळातल्या एका रात्रीबद्दल लिहून ठेवलं होतं. ते वाचून कुणाचं तरी आयुष्य उलटंपालटं झालं असतं.

तिजोरीनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून फोनकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते नाही सांगता यायचं. ते माझ्या आक्काचं आहे."

कोटवाल्यानं पुढची फोड पुढे केली. तिजोरीनं ती घेतली नाही. त्यानं दाराकडे मान वळवली आणि आक्काला अदबीनं म्हणाला, "बाई, आत माझी बहीण असेल. तिला जरा बोलवता? म्हणावं कुलूप बदलायचंय, घाई कर."

आक्का आत गेली. पासवर्ड बदलला. मग केसांवरून पाण्याचा हात फिरवून, पदर नीट करून परत बाहेर आली.

"आले रे," ती म्हणाली, आणि त्या दोघांच्या मधला फोन बाजूला सारून तिथं बसली.