ओला दोरा

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. धंदा शिवणकामाचा, आणि तोंड कधी रिकामं नाही. बोलणं थांबलं की दोरा. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ओठांत धरायचं, ही जुनी खोड. त्यांची भावजय नर्स. तिने दवाखान्यातलं लाळ तपासायचं नवं यंत्र खास वन्संसाठी दुकानात आणलं होतं. डबीएवढं यंत्र, आत पट्टी, पट्टीवर लाळेचा थेंब. स्तनाच्या कर्करोगाची शंका वाटली तर लाल दिवा, नाहीतर हिरवा. अट एकच: आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही.

तिसऱ्यांदा पिवळा दिवा लुकलुकला. म्हणजे नमुना खराब.

"वन्सं, पुन्हा दोरा चाटलात?"

"चाटला कुठे? नुसता ओला केला."

"पट्ट्या काय झाडाला लागतात?"

"मग तू ओव सुई. तुझी थुंकी तरी कामी येईल."

नर्सने कपाळावर हात मारला. मग सुया, रिळं, सगळं आपल्या पिशवीत कोंबलं आणि पहारेकऱ्यासारखी समोर बसली.

हात रिकामे झाल्यावर वन्संना काही सुचेना. गळ्यातली मापाची टेप त्यांनी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शेवटी भावजयीकडे न बघता यंत्रालाच म्हणाल्या, "डावीकडे गाठ लागते हाताला. महिना झाला असेल."

"आणि हे आज सांगताय?"

"म्हटलं, यंत्रच सांगेल. आपल्या तोंडाने कशाला?"

"मग त्याला सांगू तरी द्यायचं होतं!"

"धीर होत नव्हता गं."

नर्सने मनगटावरचं घड्याळ बघितलं. अर्धा तास भरला. वन्संनी या खेपेला नीट थेंब दिला. दिवा हिरवा.

"बघ! आण माझ्या सुया."

"कशाच्या सुया? गाठ हाताला लागतेय ना? मग दिवा कुठलाही लागो, डॉक्टरांना दाखवायचंच."

"मग हे खेळणं आणलंस कशाला?"

"तुमच्या तोंडातला दोरा काढायला!" नर्सने पिशवी खांद्याला अडकवली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

"अगं, सुया!"

"तपासणी झाल्यावर मिळतील."

वन्संनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि भावजयीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिच्या मागे निघाल्या. टेप गळ्यातच राहिली होती.