नाल्यातला कुंदा

अकोल्याच्या जुन्या शहरामागून एक नाला मोर्णेला मिळत असे. अलीकडे आम्हा शेतकऱ्यांची घरं, पलीकडे डोमाजी आणि केशरबाईंची वस्ती. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. श्रमदानाचे ते दिवस होते. रविवारी दोन्ही काठांची माणसं फावडी-घमेली घेऊन नाल्यात उतरत. त्यांनी कचरा काढला, वरच्या वावरांना दगडी बांध घातले. पलीकडची वस्ती प्यायची ते पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं. वाळूत हातभर खड्डा केला की पाणी पाझरून येई.

माझे बाबा, किसनराव, या कामात सगळ्यांच्या पुढे. त्यांचा जन्म कापूस पिकवण्यात गेलेला. कुंदा हे गवत वावरात शिरलं की पीक खाऊन टाकतं, म्हणून ते दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. त्या उन्हाळ्यात त्यांनी नाल्याच्या काठावरचा कुंदा मुळासकट खणवला. काठ अंगणासारखे गुळगुळीत झाले. सगळ्यांनी वाहवा केली, डोमाजींनीसुद्धा; त्यांचंही आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात कुंदा खणण्यात गेलं होतं.

वैशाखात अवकाळी पाऊस आला. उघडा काठ खचला आणि झिरा काळ्या चिखलाखाली गेला. केशरबाईंच्या लेकीचं, इंदूचं लग्न बुद्धपौर्णिमेवर येऊन ठेपलेलं.

केशरबाई काठावर येऊन म्हणाल्या, "किसनभाऊ, तुमी तं नालाच निंदून टाकला. आता पऱ्हाटी पेरा. पाव्हन्याइले बोंडं वाढीन मी."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. बाबांनी घाईघाईनं सांगितलं, आमच्या विहिरीवरून लागेल तेवढं पाणी न्या.

"आजवर कोनी बोलावलं नाई आमाले त्या विहिरीवर," त्या हळूच म्हणाल्या. "चिखल झाला म्हून बोलावता? मले माह्या झिऱ्याचंच पानी पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी रविवारची वाट न पाहता बाबा नाल्यात उतरले. मागोमाग दोन्ही काठ उतरले. चिखल उपसला, मोर्णेची वाळू बैलगाड्यांनी आणून टाकली. वावराच्या धुऱ्यावर फेकलेल्या कुंद्यातले जिवंत गड्डे बाबांनी निवडले आणि मुळांनी माती धरून ठेवावी म्हणून काठावर लावले. येणारेजाणारे थट्टा करत, किसनराव कुंदा लावून राहिले म्हणून. आई त्या कुंद्याला पाणी घाली आणि पदराआड हसे.

लग्नाच्या आधी झिरा पाझरू लागला. आधी गढूळ, मग नितळ. केशरबाईंनी लोटा भरून बाबांसमोर धरला. आमच्या काठाचं कुणी ते पाणी कधी प्यालं नव्हतं. कामाचे हात थांबले.

बाबांनी लोटा रिकामा केला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "गोड हाय," ते म्हणाले. "आता विहिरीवर या. चिखल नसला तरी या."

"पाहू," केशरबाई म्हणाल्या. "पयले तुमी लग्नाले या."

आम्ही सगळे गेलो. पंगतीत पाणी वाढायला माझी आई होती.