कवळीतले किडे

सानगडीच्या बाजाराच्या दिवशी तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका भाजीच्या पिशव्या खाली टाकून टाचा उंचावून पाहत होत्या. मधोमध हिरालाल महाराज. समोर पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात ठेवलेल्या मातीच्या पणतीत निखारे. दात दुखणाऱ्याने परातीवर वाकायचं, डोक्यावरून दुपट्टा घ्यायचा आणि तोंड उघडायचं. महाराज निखाऱ्यावर चिमूटभर काळा चुरा टाकी. भसकन धूर. दुपट्टा काढला की पाण्यावर पांढरे, वाकडे, बारीक किडे तरंगताना दिसत.

"पाहा माय, पाहा बाप्पा! हा दातातला किडा हाडात उतरते, हाडं पोकळ करते. डॉक्टर त्याले रक्तात शोधते, हिरालाल परातीत दाखवते! पण हात नोका लावू, हात लावला का तुमच्या दातात शिरते."

मी गर्दीत उभी होते आणि माझं डोकं नुसतं तापलं होतं. कारण हाडाची आणि रक्ताची ती गोष्ट माझी होती. या माणसाने ती चोरली होती.

मी रुपा. माहेर सानगडीचंच, साकोलीला दातांचा दवाखाना चालवते. या तलावात मासे धरणारा बुधराम माझा पेशंट. फेकजाळं टाकताना जाळ्याची एक कड दातात धरावी लागते, आणि त्याचे दात हलायला लागले होते, हिरड्यांतून पू येत होता. त्याची बायको रेवताबाई त्याला ओढतच घेऊन आली. मी समजावलं, "काका, हिरडी सडली की दाताभोवतीचं हाड झिजतं. ती सूज तोंडापुरती राहत नाही. हाड झिजण्याच्या खुणा रक्ताच्या तपासणीतही दिसू शकतात." एका बाजूची हिरडीखालची सफाई केली. सूज उतरली, रक्तातली ती खूणही थोडी खाली आली. दुसरी बाजू बाकी होती.

तेवढ्यात त्याला हिरालाल भेटला. बुधरामने भोळेपणाने माझं सगळं बोलणं त्याला सांगितलं. याने त्यात किडा घुसवला आणि वर म्हणाला, "सफाईनं किडा चवताळते. डॉक्टरनीकडं जाशील तं मरशील." पावसाळाभर बुधराम धूर घेत बसला. परत आला तेव्हा गाल टम्म फुगलेला, अंगात ताप. समोरचे तीन दात मला काढावे लागले. जाळं धरायचे तेच ते.

डॉक्टरने सुडाची भाषा बोलू नये म्हणतात. मी बोलते. मला त्या माणसाची फजिती करायची होती, भरबाजारात, त्याच लोकांसमोर.

माझ्या सांगण्यावरून माझे बाबा, कृष्णराव, पुढे झाले. "महाराज, दाढ लय ठणकून राहिली जी."

धूर झाला. दुपट्टा निघाला. "अबब! पाहा, बुवाच्या दाढेत किती जुना किडा होता!"

"कोन्त्या दाढेतून निंगाला जी?"

"डावीकडच्या. खालच्या."

बाबांनी तोंडात बोट घातलं, खालची आणि वरची कवळी काढली आणि परातीच्या काठावर ठेवली. मग बोळक्या तोंडाने म्हणाले, "माह्या पोरीनं बनवली हाये. पाहून घ्या, कुठी भोक पडलं का."

अख्खी पाळ हसली. हिरालालचा चेहरा पडला, पण जीभ सुटलीच. "किडा दातात नोहता, हिरडीत होता! हाडात होता!"

"असं का?" म्हणत मी पुढे झाले. परातीतलं पाणी बदललं. त्याच्याच डबीतला चुरा निखाऱ्यावर टाकला आणि नुसत्या परातीवर दुपट्टा धरला. खाली ना तोंड, ना हिरडी. धूर ओसरला, दुपट्टा काढला. पाण्यावर तसेच किडे.

"आता हे कोणाच्या हाडातून आले, महाराज?"

डबीतला तो चुरा म्हणजे भुईरिंगणीच्या, त्या काटेरी रानझुडपाच्या, तेल-काजळी लावलेल्या बारीक बिया होत्या. निखाऱ्यावर बी फुटतं, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. बस, एवढाच चमत्कार. रेवताबाई नवऱ्यासोबत गर्दीतच उभी होती, तिने पुढे होऊन एक कोंब उचलला आणि नखावर चिरडला. "गळाले किडे लावण्यात माही जिंदगी गेली. हात लावू देला असता, तं पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं."

हिरालाल परात उचलायला लागला. बुधरामने तिच्या काठावर पाय ठेवला. मारलं नाही, शिवी दिली नाही. "माहे तीन दात दे," म्हणाला. "मंग जाय."

हिरालाल परात तिथेच सोडून गर्दीतून वाट काढू लागला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. गावातले चार जण म्हणाले, "जाऊ द्या बाई, पोटासाठी करते बिचारा." मी त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली. ती मागे घेणार नाही.

बुधरामची दुसरी बाजू मी पूर्ण केली. रक्तातली खूण पुन्हा खाली आली. सगळ्यांचीच येईल असं वचन मी देत नाही, वचनं हिरालाल देतो. पण गेलेलं हाड मला परत आणता येत नाही. म्हणून सांगते, ब्रश करताना रक्त आलं, हिरडी सुजली, की दवाखान्यात या. हवे तेवढे प्रश्न विचारा, उलटतपासणी घ्या. आणि जो तुम्हाला हात लावून पाहू देत नाही, त्याच्यापुढे मान वाकवू नका.

माझं पटत नसेल तर बाजाराच्या दिवशी बुधरामला गाठा. तो आता मासे विकायला बसतो, जाळं दुसरे टाकतात. कोणी दात दुखतो म्हटलं की तोंड उघडून दाखवतो.