अप्पांचा समुद्रातला बोअर

माझ्या वडिलांनी, मन्मथअप्पांनी, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी उदगीरच्या आमच्या सरकी-पेंडीच्या दुकानात बसून ते रोज समुद्रात बोअर मारत. माझा धाकटा भाऊ उमाशंकर काकीनाड्यापुढे भर समुद्रातल्या रिगवर कामाला होता. तळाखाली तेल आहे की नाही, ते बघायला तिथे विहीर खोदणं चाललं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला की अप्पांचा पहिला प्रश्न, "किती झालं?"

"तीन हजार मीटर, अप्पा."

अप्पा त्याचे फूट करत आणि गिऱ्हाइकांना ऐकवत. "तुमच्या बोअरला सहाशे फुटांवर धूळ निघती. आमच्या उम्याचं दहा हजाराला टेकलंय, अजून चालूच हाय!" मी म्हणायची, तेल लागलं तरी आपल्या चिमणीत थोडंच येणार आहे? ते हसायचे. फुशारकी मारायला माणसाला काहीतरी लागतंच.

दिवाळीनंतर त्यांना हृदयविकाराचा दुसरा झटका आला. लातूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. मी उमाला फोन लावायला घेतला, तर अप्पांनी मनगट धरलं.

"सांगू नगंस, वर्षे. बोअर चालू असताना माणसाचं ध्यान घराकडं गेलं की घात होतो. तेल लागू दे, मग येईल."

बापाचा शब्द मोडायची हिंमत झाली नाही. रोज फोनवर थापा मारायची: अप्पा दुकानात गेलेत, अप्पांचा आत्ताच डोळा लागलाय. उमाही फार खोदून विचारायचा नाही. "काम जोरात चालू हाय, अक्का," एवढंच म्हणायचा.

गुरुवारी पहाटे अप्पा गेले. मग मात्र मी उमाला सांगितलं. तो म्हणाला, "मी येईपर्यंत थांबा." पण हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी होतं, आणि आम्हा लिंगायतांत मातीला इतकं थांबत नाहीत. विधी करणाऱ्या जंगमांनी दिवस मावळायच्या आत उरकायला सांगितलं. अप्पांना समाधीच्या खड्ड्यात बसवलं, तळहातावर त्यांचं इष्टलिंग ठेवलं आणि माती लोटली.

शुक्रवारी संध्याकाळी उमा आला तो थेट समाधीवर. बेल वाहिला आणि तिथेच बसून राहिला.

"विहीर कोरडी निघाली, अक्का," तो म्हणाला.

"कवा?"

"सोमवारीच. सिमेंट भरून बंद करायची तेवढी राहिली होती. त्याच दिवशीच्या हेलिकॉप्टरात मला जागा होती. मी दुसऱ्याला दिली."

"का रे?"

"अप्पांनी अख्ख्या बाजारात सांगून ठेवलं होतं. काय तोंड दाखवू त्यांना? म्हटलं, चार दिवसांनी जाऊ."

त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात की स्वतःच्या, कळेना. सोमवारी अप्पा तक्क्याला टेकून बसले होते. दोन घोट आंबील घेऊन म्हणाले होते, "तेल मरू दे, वर्षे. उम्याला बोलीव. एकदा बघू दे." मी लगेच फोन लावला होता. त्याचं "काम जोरात चालू हाय" ऐकलं आणि त्याला न बोलावताच मी फोन ठेवून दिला होता.

"सोमवारी आलो असतो तर भेट झाली असती का गं?" उमाने विचारलं.

"न्हाई रे," मी म्हणाले. "रविवारपासून त्यांना शुद्धच नव्हती. तुला वळखलं नसतं त्यांनी."

"खरं सांगायलीस ना?"

"व्हय."