बांधलेले हात

मित्रांनो, तातडीच्या विभागात तिसऱ्या खाटेच्या उशाशी उभा असलेला जुना व्हेंटिलेटर तो मीच. ज्याला स्वतःहून श्वास घेववत नाही, त्याच्या घशात नळी घालतात आणि मी त्याच्या छातीत हवा भरतो. चौदा वर्षं हेच केलं. विषबाधा झालेली, बुडता बुडता वाचलेली कितीतरी माणसं माझ्याकडून आपल्या पायांनी घरी गेली. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. पण मनाला लागून राहिले ते शिंपीकाका.

त्यांची फुप्फुसं पार खंगली होती. आदल्या वर्षीही ते नऊ दिवस माझ्यावर होते. या खेपेला भर दुपारी आणलं, तेव्हा ओठ निळे पडले होते आणि शुद्ध हरपत चालली होती. डॉक्टर मॅडमनी काकूंना आणि मुलीला बाजूला घेतलं.

"नळी घालता येईल. पण खरं सांगते, या वेळी ती निघेलच असं नाही. नाही घातली, तर धाप लागू नये म्हणून औषध देऊ, तुम्ही जवळ बसा. त्यांना काय हवं होतं? कधी बोलले होते?"

काकू खाली बघत राहिल्या. मुलगी म्हणाली, "असं कसं जाऊ द्यायचं? घाला नळी. हो ना गं आई?"

काकूंनी नुसती मान डोलावली.

मी हवा भरत राहिलो. काका शुद्धीवर आले की नळी उपसायला बघत, म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले. मनगटं सोलवटली. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत ओघळे.

दहाव्या दिवशी काकूंचा बांध फुटला. "मला सांगितलं होतं गं त्यांनी. पुन्हा यंत्र नको म्हणाले होते."

"मग तेव्हा गप्प का बसलीस?"

"मी नवऱ्याला मारायला निघाले असं वाटलं असतं तुला."

मुलीने काकांच्या सोलवटलेल्या मनगटावर हात ठेवला. मग नर्सताईंना म्हणाली, "आधी हात सोडा त्यांचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांशी बोलून औषध दिलं, नळी काढली आणि मला बंद केलं. काका अर्ध्या तासात गेले. दोघींनी त्यांचा एकेक हात धरला होता.

मित्रांनो, मला हवा भरता येते, थांबायचं कुठे ते कळत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, आपलं माणूस बोलतं आहे तोवर त्याला विचारा. आणि त्याने सांगितलेलं एकट्याने गिळून बसू नका.